फक्त वर चढणारा आकडा

वडिलांचं ओळखपत्र आणि कपाटाच्या चाव्या परत करायला ती पाणी शुद्धीकरण केंद्रात गेली, तेव्हा दहा मिनिटांत मोकळं होऊ असं तिने धरलं होतं. पण आवक-जावकच्या टेबलावरचा माणूस म्हणाला, "तपासनीस साहेब आत बसलेत. घरचं कोणी आलं तर पाठवा म्हणालेत."

तपासनीस तिच्याच वयाचा होता. वडिलांची खुर्ची रिकामी सोडून त्याने दुसरी ओढून घेतली होती. तिला ते बरं वाटलं. त्याने आडपडदा मात्र ठेवला नाही.

"तुमच्या वडिलांबद्दल इथे सगळे चांगलंच बोलतात. पण मला कागदावर दिसतं ते लिहावं लागणार," तो म्हणाला आणि त्याने छापील पान तिच्यापुढे सरकवलं.

पाण्यातल्या क्लोरीनची नोंद दर तासाला होत असे. वडील गेले त्याच्या दोन दिवस आधीच्या, सोमवारच्या नोंदी पानावर होत्या. दुपारी एकची नोंद होती, खाली थेट तीनची. दोनची नव्हतीच. ओळींचे क्रमांकही चारशे बारावरून चारशे सोळावर गेलेले.

"मधल्या तीन ओळी गेल्या कुठे?" तपासनीस म्हणाला. "मशीनवर सगळे अधिकार एकट्या त्यांना होते. अहवाल आज पाचला जाणार. नोंदी पुसल्या, असं लिहिण्यावाचून मला गत्यंतर नाही."

घड्याळात साडेतीन झाले होते.

ती छापखान्यात मुद्रितं तपासायची. सुटलेली ओळ हुडकण्यात तिची उभी हयात चालली होती, आणि ही सुटलेली ओळ तर आंधळ्यालाही दिसली असती. तरी तिने पान खाली ठेवलं आणि शांतपणे म्हटलं, "बाबांना पुसता आलंच नसतं."

"सगळ्यांचे घरचे असंच म्हणतात."

"स्वभावाबद्दल नाही म्हणत मी. मशीनबद्दल म्हणतेय."

दाराशी उभी असलेली बाई तेवढ्यात आत आली. ती प्रयोगशाळेत होती, अकरा वर्षं वडिलांच्या बरोबर काम केलेली. वडील तिला ताई म्हणत, म्हणून सगळं केंद्र तिला ताई म्हणे. "बरोबर बोलतायत त्या," ताई म्हणाली. "उगाच का आम्ही त्यांना कुलूपवाले म्हणायचो? जेवणाच्या डब्यालाही कुलूप लावतील अशी चेष्टा चालायची. डबा तेवढा उघडा असायचा. तो आम्ही संपवायचो."

या कुलपाबद्दल मुलीने घरी, जेवताना, अनेकदा ऐकलं होतं. मशीनचा एक गाभा असतो, वडील सांगत, बाकी सगळं त्याच्या परवानगीने चालतं. त्या गाभ्याला सुरक्षेचा एक आकडा द्यायचा. आकडा शून्य असला की मालक, म्हणजे सगळे अधिकार असलेला माणूस, म्हणेल ती पूर्व दिशा. एक केला की खूण केलेल्या फायलीत खाली भर घालता येते, लिहिलेलं खोडता येत नाही. दोन केला की कुलूप आणखी आवळतं. आणि गंमत अशी की हा आकडा फक्त वर चढतो. खाली आणायचा तर मशीन बंद करून पुन्हा सुरू करायचं, त्याच्यासमोर उभं राहून. मालकालाही दुसरी वाट नाही.

"मग मालक कसला तो?" आईने भाजी वाढता वाढता विचारलं होतं.

"सगळ्यात मोठी चावी माझ्याकडे," वडील म्हणाले होते, "म्हणजे सगळ्यात मोठा धोकाही मीच. म्हणून गाभ्याला सांगून ठेवलंय, माझंसुद्धा ऐकू नकोस."

हे सगळं तिने तपासनिसाला जसंच्या तसं सांगितलं. तिने पाण्याचा घोट घेतला.

तपासनीस हसला नाही. वडिलांनी कार्यालयात मोहोरबंद पाकिटात ठेवलेला पासवर्ड त्याच्याकडे होताच. तो मालक म्हणून मशीनमध्ये शिरला. नोंदींच्या फायलीची प्रत काढून ठेवली आणि मूळ फायलीतली शेवटची ओळ खोडायला गेला. पडद्यावर उत्तर आलं: परवानगी नाही. फायलीवरची खूण काढायला गेला. परवानगी नाही. आकडा दोनवरून एकवर आणायला गेला. परवानगी नाही.

"अरे वा," तो स्वतःशीच बोलला. मग ताठ बसला. "पण मशीन बंद करून पुन्हा सुरू करताना ओळी खोडता येतील की."

"शेवटचं कधी बंद केलं ते तेच सांगेल," ताई म्हणाली. "बघा ना."

मशीन चारशे नव्वद दिवस अखंड चालू होतं.

"शिवाय त्यांचा नियम होता," ताई पुढे म्हणाली. "बंद करताना खोलीत दोघं हवेत आणि वहीत दोघांची सही हवी. दुसरी मी. एकदा मला ताप होता, तर चार दिवस थांबले, पण एकट्याने बटणाला हात नाही लावला."

तिचं मात्र लक्ष आता त्या पानाकडे गेलं होतं. पुसता येत नाही हे सिद्ध झालं. मग त्या तीन ओळी कुठेही गेलेल्या नाहीत. मूळ संहिता पुरी आहे. खोटं छापलेलं आहे.

"हे पान छापतं कोण?" तिने विचारलं.

"वेगळा प्रोग्राम आहे. तो फक्त आकड्यांच्या ओळी उचलतो," ताई म्हणाली, आणि बोलता बोलताच थांबली. "शेरे सोडून देतो."

तपासनिसाने छापील पान बाजूला सारलं आणि मूळ फाइल उघडली. चारशे तेरा, चौदा, पंधरा. तिन्ही ओळी जागच्या जागी होत्या. त्याने त्या मोठ्याने वाचल्या नाहीत. खुर्ची मागे घेतली आणि तिला जागा करून दिली.

'दर सोमवारप्रमाणे मशीनचं घड्याळ भिंतीच्या घड्याळाशी जुळवताना माझ्या हातून तेराऐवजी चौदा टाइप झालं. मशीन एक तास पुढे गेलं आहे.'

'सुरक्षेचा आकडा दोन असताना घड्याळ पुढे नेता येतं, मागे आणता येत नाही. इथून पुढच्या प्रत्येक वेळेतून एक तास वजा करावा. एकही नोंद चुकलेली नाही.'

'चूक सर्वस्वी माझी. ताई रजेवर आहेत. गुरुवारी दोघं मिळून दुरुस्त करू.'

गुरुवार त्यांना दिसला नाही. ते बुधवारी सकाळी गेले.

ताईने पदर डोळ्यांना लावला. "मशीन जरासं मागे पडायचं," ती म्हणाली. "दर सोमवारी दोन-तीन मिनिटं पुढे ढकलावं लागायचं. वर्षानुवर्षं ढकलत आले, त्यामुळे मागे आणायची वेळच आली नव्हती. आणि आकडे भरताना आम्हाला वेळ दिसत नाही, ती मशीनच लावतं. आम्हाला पत्ताच नाही."

तपासनिसाने मशीनची वेळ पाहिली, मग भिंतीवरची. एका तासाचा फरक होता. त्या सोमवारपासून आजपर्यंतच्या नोंदी त्याने एक तास वजा करून मोजल्या. एकही कमी भरली नाही. तिने त्याला घाई केली नाही. तोही कुठे थांबला नाही.

"मी अठरा ठिकाणं तपासली," अखेरीस तो म्हणाला. "सगळीकडे दुसऱ्यांना अडवायला कुलपं. हा माणूस एका बटणात स्वतःची चूक झाकू शकला असता. त्याने ते बटण आधीच स्वतःपासून काढून घेतलं होतं. वर कबुली, तीही कायमची." त्याने पेन उचललं. "तुम्हाला हवं तर शेऱ्यांचा तपशील अहवालात देत नाही. नोंदी अखंड आहेत, एवढं लिहिलं तरी पुरे."

"तपशील द्या," ती म्हणाली. "शब्द न बदलता."

त्याने लिहिलं. पाचला दहा मिनिटं असताना सही केली. मग ताईने वही काढली. मशीन बंद करून घड्याळ मागे घ्यायला दुसरा माणूस हवा होता, आणि तपासनीस बाह्या सारून उठला.

ती बाहेर व्हरांड्यात आली आणि आईला फोन लावला. एवढा वेळ का लागला, हे सांगावंच लागलं. तिने शेवटची ओळ जशीच्या तशी म्हणून दाखवली.



"चूक सर्वस्वी माझी?" आई म्हणाली. "असं लिहिलंय त्यांनी?"

"हो."

"चाळीस वर्षांत माझ्याशी एकदा नाही बोलले ते असं. त्या डबड्याला मात्र सांगितलं." तिचा आवाज रागाचाही होता आणि रागाचा नव्हताही. "पुन्हा म्हण बघू."

तिने पुन्हा म्हटलं.