यंत्र सांगेल तो भाव

लग्नाचा मुहूर्त नसलेल्या त्या रविवारी कल्याणचं मंगल कार्यालय इतकं भरलं होतं, की खुर्च्या कमी पडून बायका स्टेजच्या पायऱ्यांवर बसल्या होत्या. स्टेजवर नवरा-नवरीच्या जागी एक लॅपटॉप विराजमान होता. त्याला झेंडूचा हार घातलेला, समोर नारळ फोडलेला, आणि शेजारी पांढरेशुभ्र बूट घातलेले महिपतसर हात जोडून उभे.

"कुठल्या गावाचं नाव घालू?" त्यांनी विचारलं.

कोणीतरी मागून आपल्या गावाचं नाव सांगितलं. सरांनी डोळे मिटले, गावदेवीचं स्मरण केलं आणि टाइप केलं. मागच्या पडद्यावर चक्र फिरू लागलं, स्पीकरमधून ढोल वाजला आणि आकडा उमटला, अठरा लाख. टाळ्यांचा कडकडाट झाला. एका म्हातारीने तर पडद्याच्या दिशेने कडाकडा बोटं मोडून त्या आकड्याची दृष्टही काढली.

"यंत्राला पोट नाही, पोरंबाळं नाहीत," महिपतसर म्हणाले. "मग ते खोटं कशासाठी बोलेल? वेबसाइटचं नाव एकदा तुम्ही घेतलंत, की अख्ख्या जगात दुसऱ्या कोणाला ते घेता येत नाही. हा तुमचा इंटरनेटवरचा सातबारा. जसा गुंठ्याला रेट, तसा नावाला रेट. फरक एवढाच, की इथे तलाठ्याकडे खेटे घालायला नकोत."

लोक हसले. निशाला हसू आलं नाही. ती ठाण्याला नौपाड्यातल्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवायची, आणि इथे आली होती ती आईच्या जमिनीसाठी. शहाडजवळ नदीकाठी कमळाबाईंना माहेरकडून मिळालेला एक तुकडा होता. घरची बाकी जमीन केव्हाच टॉवरांखाली गेली होती. उरला तो एवढाच, आणि त्यात कमळाबाई अजून भेंडी-गवार लावत. तो महिपतसरांच्या नावावर करायचा आणि बदल्यात वेबसाइटच्या नावांचं गाठोडं घ्यायचं, असं निशाच्या वडिलांनी, नाथाने, ठरवलं होतं. धाकटा भाऊ कमलेश सरांचा पट्टशिष्य झाला होता. दुसऱ्याच दिवशी रजिस्ट्रारकडे जायचं होतं.

निशा उभी राहिली. "सर, एक नाव मी सांगू?"

"सांगा ना, ताई."

"ब्रिंजल इन्शुरन्स. जोडून लिहा."

चक्र फिरलं, ढोल वाजला. अकरा लाख. सवयीने टाळ्याही पडल्या.

"म्हणजे वांग्याचा विमा," निशा म्हणाली. "सर, वांग्याचा विमा कोण उतरवतं?"

सभागृहात खसखस पिकली. निशाला धीर आला. मग तिने माईक मागून घेतला आणि वर्गात सांगावं तसं सांगितलं. या यंत्रात देव नाही आणि व्यवहारज्ञानही नाही. ते नावातली अक्षरं मोजतं, शब्द सुटे करतं, आणि तसले शब्द असलेली नावं पूर्वी कुठे कितीला गेली ते बघून हिशेब मांडतं. परदेशात विम्याची नावं महाग गेली, म्हणून विम्याशेजारी बसलेलं वांगंही महाग. जी नावं कधी विकलीच गेली नाहीत, ती त्याच्या हिशेबात येतच नाहीत, आणि असल्या नावांचा तर ढीग पडलाय. उद्या हे नाव घ्यायला कोणी दारात येईल का, हे यंत्राला कळायला काही मार्ग नाही.

मग तिने सरांचंच अठरा लाखांचं नाव मोबाइलवर आणखी दोन यंत्रांत घातलं. एक म्हणालं सात हजार, दुसरं म्हणालं तीन लाख.

"एकाच म्हशीला एका दलालाने शेळीचा भाव सांगितला आणि दुसऱ्याने हत्तीचा, तर आपण त्यांना काय म्हणू? आणि हा सातबारा नाही. नावाचं वर्षाच्या वर्षाला भाडं भरावं लागतं. भरलं नाही, की नाव हातचं गेलं." तिने सरांकडे पाहिलं. "आता शेवटचं. गावाचं नाव अठरा लाखांचं आहे ना? तुम्हीच ते निम्म्यात घ्या."

महिपतसर हसले, पण घाम त्यांना लपवता आला नाही. "ताई, मी देणारा माणूस. घेण्याची वृत्ती माझी नाही."

लोक एकमेकांकडे बघू लागले. निशाला वाटलं, जिंकलं. तेवढ्यात पहिल्या रांगेतून नाथा उठला.

"पोरी, तू शिकलीस, मना बरा वाटतं," तो म्हणाला. "पन आयक. माज्या बापाचा खाडीवर खाजन होता. खारा चिखल, भातपन धड नाय व्हायचा. तवा एक मास्तर घरी आलेला. बोलला, या चिखलाला कोन इचारतंय, मिलंल त्यात देऊन टाक. बापानं दिला. आज तिथं काय उभा हाय, तुना म्हाईत हाय." तो लोकांकडे वळला. "तवा पन गिऱ्हाईक कोनी नव्हता."

सगळ्यांच्या माना हलल्या. गोम इथेच होती. बाकीचे लोक ऐकीव चमत्काराला भुलतात. या माणसांनी चिखलाचं सोनं झालेलं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि तेही आपल्या हातून सुटल्यावर, दुसऱ्याच्या दारात. एस.टी. चुकलेला माणूस पुढे येईल त्या गाडीत चढतो, पाटी वाचत नाही. निशाकडे उत्तर होतं. चिखल खरा होता, वाढत्या शहराला तो हवा होता, आणि नवी जमीन कोणी बनवू शकत नाही. नावं मात्र कोणीही, कितीही बनवतं. ती हे सगळं बोललीही. पण कमलेशने तोवर माईक बंद करून ढोल लावला होता, आणि तिचे नुसते ओठ हलताना दिसले.

घरी आल्यावर तिने आईचे हात धरले. "आई, जमीन तुझी आहे. तू सही करू नकोस."

"तुजे बापसानं त्याचे बापाला जन्मभर बोल लावला," कमळाबाई म्हणाल्या. "आता मी आडवी आले, तर पुढचा जन्मभर मना. या वयात मना नाय झेपायचा."

दुसऱ्या दिवशी कमळाबाईंनी सही केली. निशा बाहेरच्या बाकावर बसून होती, आणि आपलं शिक्षण घरच्यांना काडीइतकंही उपयोगी पडत नाही याची तिला लाज वाटली, रागही आला.

वर्ष सरत आलं. नावांना एकही गिऱ्हाईक नाही. महिपतसरांचा फोन बंद. नदीकाठच्या तुकड्याला पत्र्याचं कुंपण पडलं, आणि कमळाबाई भेंडी बाजारातून विकत आणू लागल्या. यंत्रातला आकडा मात्र दर महिन्याला फुगत होता. नाथा रोज सकाळी चहाबरोबर तो बघे आणि समाधानाने मान डोलावी. निशाने एकदा म्हटलं, "बाबा, यंत्रात वाढतंय, बाजारात नाही." त्याने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

नावांचं भाडं भरायची वेळ आली तेव्हा कमलेशने उपाय काढला. नावं विकत घेणारा बाजारात नाही, तर तो तयार करायचा. त्याने तसलंच यंत्र मिळवलं आणि डोंबिवलीच्या बाजूला एका गावात हॉल घेतला. पहिल्या रांगेत नाथा, ज्याच्या नावांचा भाव वर्षात दुप्पट झाला तो साक्षीदार म्हणून.

निशा हॉलच्या दारात उभी राहिली. दुसरं काय करावं, तिला सुचेना. आत जाणाऱ्या प्रत्येकाला ती सांगत होती, "आत भाव सांगतील, तेव्हा एकच विचारा. याच भावात तुम्ही घेता का? घेत नसतील तर तो भाव नाही, नुसता आकडा आहे. मग तो बुवाने सांगो की यंत्राने." लोक मान डोलवत आणि आत जात.

एक म्हातारी थांबली. "तू कोन गं?"

"आत बोलतोय ना, त्याची बहीण."

"म्हंजे तुमच्याकडं हायेत या नावा?"

"आहेत."

"किती इकल्या?"

"एकही नाही, आजी."

म्हातारी विचारात पडली. निशाला क्षणभर वाटलं, निदान ही तरी परत फिरेल.

"मंग पयला नंबर तुमचाच लागंल," म्हातारी म्हणाली. "आमी आपल्या दोन-तीनच घेतू." देवळात शिरावं तशा तिने दाराशी चपला काढल्या आणि ती आत गेली.

मागून एक माणूस येत होता. निशा त्याच्याकडे वळली आणि म्हणाली, "काका, आत भाव सांगतील, तेव्हा एकच विचारा."