हद्दीचा दगड कुठे गेला

मी हद्दीचा दगड बोलतोय. सांगतो ते शंभर टक्के खरं. जन्मापासून मी जागचा हललेलो नाही. म्हणजे, एकदाच हललो. बरं, दोनदा धरा.

खाणीतून काढून मला गोंदिया जिल्ह्याच्या टोकाला, एका बोडीच्या पाळीवर पुरलं. बोडी म्हणजे आमच्याकडचं लहानसं तळं, आणि पाळ म्हणजे त्याचा बांध. माझ्या पाठीला महाराष्ट्र, पोटाला मध्य प्रदेश. महाराष्ट्रात पाऊस आला की माझी पाठ भिजायची आणि पोट कोरडं राहायचं, इतकी माझी हद्द नेमकी!

एका पावसाळ्यात पाळीला भगदाड पडलं. दोन्ही सरकारं म्हणाली, "बोडी त्यांची." शेवटी पुनाराम कोहळी फावडं घेऊन उतरला. तळी बांधायची आणि फुटली की बुजवायची, हेच त्याच्या घराण्याचं काम. कोहळ्याला फुटकी पाळ दिसली की हाताला लागेल ते तो भोकात कोंबतो. माझ्यावर काय कोरलंय ते वाचायला वेळ कुणाला? गेलो मी तळाशी.

मग गेल्या वर्षी कुणीतरी बोडीतल्या कमळांचा व्हिडिओ मोबाइलवर टाकला. गाड्या भरभरून लोक येऊ लागले. लगेच दोन्ही सरकारं म्हणाली, "बोडी आमची!" इकडच्यांनी स्वागताची पाटी लावली, तिकडच्यांनी बदकाच्या आकाराच्या बोटी आणल्या. दोन्हीकडचे साहेब आले, ड्रोन उडवला आणि हुकूम सोडला: हद्दीचा दगड सापडेपर्यंत बोडीच्या पाण्याला कुणी हात लावायचा नाही.

पुनारामची बायको कुंदाबाई हादरली. धान नुकताच निसवला होता. आता पाणी चुकलं तर लोंब्या पोचट. पलीकडच्या शेतातल्या खेमराजचीही तीच गत.

"साहब, पूरी फसल बैठ जाएगी," खेमराज म्हणाला.

"पहले सीमा तय होगी," तिकडचे साहेब म्हणाले. इकडच्यांनी मान डोलावली.

"मंग शोधा ना जी दगड! काऊन उभे होऊन राहिले?" कुंदाबाई कडाडली. "आमच्या बुढ्यानं तो बोडीच्या बुडाशी गाडला. पाणी सोडल्याबिगर कसा दिसन तुमाले?"

पुनारामनं तोंड उघडलं. कुंदाबाईनं डोळे वटारले. त्यानं ते मिटलं.

दोन्ही साहेबांनी एकमेकांकडे पाहिलं आणि प्रथमच दोन सरकारांचं एकमत झालं: "पाणी सोडा!"

पाळीतली पाणी सोडायची इकडची मोरी उघडली, तिकडचीही उघडली. दोन्ही राज्यांतला धान पोटभर प्याला. बदकं चिखलात बसली, साहेब गुडघ्यापर्यंत रुतले. दगड काही मिळाला नाही.

मिळणार कसा? आता कबूल करतो. मला भोकात कोंबलं, एवढं खोटं. तेही माझं नव्हे, कुंदाबाईचं; मी नुसती री ओढली. पुनारामनं भोक मुरमानं बुजवलं होतं आणि दगड सपाट दिसला म्हणून मला घरी नेलं होतं. मी आहे कुंदाबाईच्या न्हाणीत, पालथा.

त्या दिवशी चिखलानं माखलेले दोन्ही साहेब तिच्याकडेच हातपाय धुवायला आले. "घासा जी, चांगले घासा," ती म्हणाली. आधी इकडचे माझ्यावर उभे राहिले, मग तिकडचे. दोघांनीही टाचा घासल्या, चहा प्यायले आणि मला शोधायला निघून गेले.

तुम्हीही कधी आलात तर पाय खुशाल घासा. फक्त कृपा करून मला उलटून पाहू नका.