वरातीची घोडी शर्यतीला

मी शेवंती बोलतेय. नाव फुलाचं असलं तरी मी घोडी आहे. पांढरी, उंच आणि लोकांच्या तोंडून ऐकत आले त्याप्रमाणे देखणी. कर्जतपासून खालापूरपर्यंत कितीतरी घरांतल्या लग्नाच्या अल्बमात माझा फोटो सापडेल. फेट्याखाली घामेजलेला नवरदेव कधी डोळे मिटलेला येतो, कधी तोंड उघडं पडलेला. माझा फोटो मात्र आजवर एकदाही बिघडलेला नाही.

माझा जन्म इथला नव्हे. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात मी विकायला उभी होते तेव्हा नुकतीच आईपासून सुटलेली होते. गिऱ्हाइकं यायची, माझे दात बघायची, अंगावरचे भोवरे शुभ की अशुभ ते मोजायची. पळसदरीच्या कोंडीरामनं यातलं काहीच केलं नाही. त्यानं माझ्या कानाशी येऊन जोरात टाळी वाजवली. मी दचकले नाही, उलट कान टवकारून पुढचे पाय नाचवले. तो हसला आणि म्हणाला, "हीच." त्याच दिवशी टेंपोतून आम्ही घरी आलो.

त्याला घोडी कशाला हवी होती, हे मला हळूहळू कळलं. सकाळी अंगाला खरारा करताना तो माझ्याशी बोलायचा, माणसांपुढे जे निघत नाही ते माझ्यापुढे निघायचं. त्याच्या वडिलांना त्यांच्याच लग्नात सासुरवाडीच्या वेशीवर घोड्यावरून खाली उतरवलं होतं. तुमच्या लोकांनी गावातून असं मिरवायचं नाही, तिथले गावकरी म्हणाले. वडील उरलेली वाट पायी गेले. पुढे कोंडीरामच्या लग्नाला कुणी घोडीच देईना, तोही पायीच गेला. तेव्हाच त्यानं ठरवलं, की एक दिवस आपल्या दारात घोडी बांधायची आणि जो मागेल त्याला ती द्यायची, जात न विचारता.

आणि दिली. आमच्या बौद्धवाड्यातली पोरं माझ्यावर बसली, भातशेतीवाल्यांची बसली, शिळफाट्याच्या दुकानदारांची बसली. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत तर वाडीतली सगळी लेकरं पाळीपाळीनं बसायची. कोंडीराम स्वतः मात्र कधीच बसला नाही. "ती नवरदेवाची हाय," एवढंच म्हणायचा आणि लगाम धरून पुढं चालायचा. मी आयुष्यभर त्याच्या पाठीकडे बघत चालले.

कोंडीरामनं टाळ्यांचा ठेका धरला की नाचायचं, हा माझा पहिला धडा. नुसतं पुढे जायचं नाही. अंग तिरकं करून, एक पाय अधांतरी ठेवून ठुमकायचं. दुसरा धडा मानाचा. वरात मांडवाच्या दारात पोचली, की घरच्या बाईनं माझ्या पायांवर पाणी घालायचं आणि मला भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि गूळ भरवायचा. तो मान मिळेपर्यंत मी दारातून हलत नाही. एकदा एका लग्नात घरचे विसरले तर मी तिथंच ठाण मांडलं, आणि मागे अख्खी वरात खोळंबली. तेव्हापासून लोक विसरत नाहीत.

माणसांची एक गंमत सांगते. वर बसेपर्यंत प्रत्येक नवरदेव वाघ असतो. मी पहिलं पाऊल टाकलं, की तो पुढ्यात बसवलेल्या करवल्यालाच घट्ट धरतो. ते लेकरू धीटपणे बसलेलं असतं आणि नवरदेव पाय लटपटवत "हळू घ्या, हळू घ्या" करत असतो.

पण दिवस बदलले. फुलांनी मढवलेल्या उघड्या जीप आल्या. जीपला डाळ-गूळ लागत नाही आणि ती मानापमानही करत नाही. माझ्या वराती कमी होत गेल्या. त्यात कोंडीरामचे गुडघे गेले. बाजेवरून उठताना तो भिंत धरायला लागला, तर वरातीपुढं चालणार कोण? शेवटी कर्जतचा सदू नावाचा व्यापारी येऊन मला बघून गेला. तो मला समुद्राकाठी नेणार होता, वाळूवर पर्यटकांना फिरवायला. सोमवारी टेंपो घेऊन येतो, म्हणाला. त्या दिवशी कोंडीरामनं मला खरारा केला, पण एक शब्द बोलला नाही.

बोलली ती पौर्णिमा, त्याची लेक. धरणाशेजारी भातखाचरांच्या कडेला संजनाताईंचा तंबूंचा कॅम्प आहे. शनिवार-रविवार मुंबई-पुण्याकडची माणसं तिथं राहायला येतात, घोड्यावरून फिरतात. पौर्णिमा तिथले घोडे सांभाळते. सदू यायच्या आधीच्याच शनिवार-रविवारी तिथं लांब पल्ल्याची घोडेशर्यत होती. स्वतःच्या घोड्यावर पाहुण्यांना वाट दाखवील असं गावातलं कुणीतरी संजनाताईंना हवंच होतं. त्यांनी पौर्णिमाला सांगितलं, की तुझ्या घोडीनं चाळीस किलोमीटर पार केले आणि शेवटी घोड्यांच्या डॉक्टरनं तिला पास केलं, तर दोघींना कायमचं ठेवते. पण नापास झाली तर आग्रह करू नकोस, माझ्या पाहुण्यांच्या हाडांचा प्रश्न आहे.

खरं तर पौर्णिमाची तयारी आधीच सुरू झालेली होती. दोन हिवाळे ती मला पहाटे धरणाच्या बाजूनं पळवत होती आणि कोंडीराम सगळं दिसत असून न दिसल्यासारखं करत होता. आता तिनं तोंडावर विचारलं तेव्हा तो चिडला.

"ती वरातीची घोडी हाय, शर्यतीची नाय. लंगडी झाली तर सदू पन नेनार नाय तिला."

"नेऊच नको म्हनतेय ना मी, आबा," पौर्णिमा म्हणाली. "एक रईवार दे मला."

त्यानं दिला. शनिवारी दुपारी आम्ही कॅम्पवर गेलो. बाकीचे घोडे पंखे लावलेल्या मोठमोठ्या गाड्यांतून उतरत होते, मी वाडीतून चालत आले. पौर्णिमानं माझी झूल, गोंडे, घुंगरं सगळं काढून ठेवलं होतं. घुंगरांशिवाय चालताना मला माझीच चाहूल लागेना. एक पाहुणा पौर्णिमाला विचारून गेला, की ही लहान मुलांना चक्कर मारायला आणलीय का. ती खोगिराचा पट्टा आवळत राहिली. मी मात्र त्याच्या टोपीचा काठ चावला.

आता तुम्हाला वाटेल, शर्यत म्हणजे पळायचं आणि पहिलं यायचं. ही तशी नव्हती. वीस-वीस किलोमीटरच्या दोन फेऱ्या. प्रत्येक फेरीनंतर डॉक्टर छातीला नळी लावून ठोके मोजणार. ते ठरल्या वेळात शांत झाले नाहीत, तर घोडा बाद. मग माणसानं लगाम धरून घोड्याला सरळ रेषेत दुलकी चालवायचं. पाय थोडा जरी लचकताना दिसला, तरी बाद. पहिला आलेला घोडासुद्धा असा बाद होतो. ज्याच्या जिवाला धक्का न लागता फेरी पूर्ण होते, तोच खरा पोचला म्हणायचा. ही रीत मला फार आवडली. घोड्याचा जीव कसा आहे हे विचारणारी शर्यत माणसांनी काढली, म्हणजे माणसं अगदीच वाया गेलेली नाहीत.

रविवारी सकाळी पहिली फेरी छान झाली. कापणी झालेल्या खाचरांतून, बांधांवरून, ओढ्यातून. चढ आला की पौर्णिमा खाली उतरून माझ्या बाजूनं पळायची. डॉक्टरनं नळी लावली, मान हलवली, दुलकीलाही हरकत घेतली नाही. आमच्या पुढं मोजकेच घोडे होते. संजनाताई लांबून बघत होत्या.

दुसऱ्या फेरीत घात झाला. ऊन चढलं होतं आणि वाट एका वाडीच्या कडेनं जात होती. वळणावर माझ्या कानावर बेंजो पडला.

काय सांगू? बेंजो वाजायला लागला की माझे पाय माझे राहत नाहीत. पौर्णिमानं लगाम डावीकडे ओढला, मी उजवीकडे वळले आणि सरळ वरातीत शिरून नाचायला लागले. पुढं फुलांची जीप, तिच्यात उभा नवरदेव, मागं मी. लोकांना वाटलं घोडी मुद्दाम मागवलीय. पोरं शिट्ट्या मारायला लागली. पौर्णिमा डोक्यावर हेल्मेट, छातीवर नंबर अशा अवतारात वर बसून सगळ्यांना हात जोडत होती. जीपमधला नवरदेव माझ्याकडे असा काही बघत होता, की मला त्याची दया आली.

वरात मांडवाच्या दारात पोचली आणि मी थांबले. पौर्णिमानं टाचा मारल्या, चुचकारलं, खाली उतरून ओढलं. मागून येणारे घोडे वाटेनं पुढं निघून जाताना मला दिसत होते. पण मान म्हणजे मान. शेवटी तिच्या लक्षात आलं आणि रडवेल्या आवाजात तिनं दारातल्या बाईला विचारलं, मावशे, डाळ-गूळ आहे का?

ती बाई नवरदेवाची आत्या, मैनाबाई. तिनं माझ्या तोंडाकडं नीट बघितलं. "अगं, ही तर कोंडीरामाची शेवंती. माझ्या धाकट्या भावाची वरात हिच्यावरूनच निघाली व्हती." मग तिनं कळशीभर गार पाणी माझ्या चारी पायांवर ओतलं, डाळ-गूळ भरवला, वर कपाळाला कुंकू लावलं. मी समाधानानं मान हलवली.

वाडीबाहेर आल्यावर पौर्णिमा माझ्या कानाशी वाकली. मारलं नाही, शिवी दिली नाही. "शेवंते, उद्या सदू येनार हाय. आता पळ गं."

मी पळाले. आजवर माझ्यापुढं नेहमी कुणाची तरी पाठ असायची आणि लगाम कुणाच्या तरी मुठीत असायचा. त्या दिवशी पुढं नुसती वाट होती. पायांत मैनाबाईच्या पाण्याचा गारवा होता, पोटात गूळ होता. मी इतकी वर्षं हळू चालले ते मला पळता येत नव्हतं म्हणून नव्हे, एवढं मला त्या उन्हात कळलं. मला माझाच अभिमान वाटला, आणि तो सांगायला मी लाजत नाही.

वेळ संपत आली होती, पण आम्ही पोचलो. पहिला आलेला उंचापुरा घोडा ठोके उतरले नाहीत म्हणून बाद होऊन सावलीत उभा होता. डॉक्टरनं मला नळी लावली. ठोके शांत होते. आता राहिली दुलकी.

पौर्णिमा लगाम धरून पळायला लागली आणि मी तिच्यासोबत निघाले. तेवढ्यात गर्दीतून टाळ्या आल्या. कपाळावर कुंकू लावून आलेली घोडी बघून सगळ्यांनाच उत्साह आला होता. कुणीतरी स्पीकर लावला. आणि त्या टाळ्यांत मला एक टाळी ओळखू आली. गुडघे धरत धरत कोंडीराम कॅम्पवर आला होता. आनंदाच्या भरात तो आपल्या जुन्या ठेक्यावर टाळ्या वाजवत होता.

मग मी काय करणार? मी अंग तिरकं केलं, एक पाय अधांतरी उचलला आणि ठुमकले.

डॉक्टरचा हात वर गेला. घोडी पुढच्या पायानं लंगडतेय, असं तो शेजारी उभ्या असलेल्या माणसाला म्हणाला. संजनाताईंनी मान खाली घातली.

"डॉक्टर, ती लंगडत नाय," पौर्णिमा म्हणाली. "नाचते ती. टाळ्यांवर नाचते."

डॉक्टरनं तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. नियमात दुसरी संधी होती. पुन्हा एकदा, तो म्हणाला, पण फक्त एकदा.

कोंडीरामच्या ध्यानात आलं होतं, की हे आपल्या हातून झालं. त्याचा चेहरा उतरला. मग तो गर्दीपुढं आला, स्पीकरकडं बोट दाखवून तो बंद करायला लावला आणि सगळ्यांना हात जोडले. "माय-बाप, जरा गप ऱ्हावा. एवढंच करा माझ्या घोडीसाटी." लोक गप्प झाले. तो लंगडत लंगडत रेषेच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिला आणि दोन्ही हात पाठीमागं घट्ट धरून ठेवले, स्वतःच्याच हातांवर भरवसा नसल्यासारखे.

जन्मभर मी गोंगाटात चालले होते. बँड, फटाके, आरडाओरडा. त्या मैदानात माझ्यासाठी माणसं पहिल्यांदाच शांत उभी होती. मला माझ्या टापा ऐकू आल्या. चारही सारख्या, एकामागून एक. समोर कोंडीराम होता, आणि यावेळी त्याची पाठ नव्हती, तोंड माझ्याकडं होतं. मी सरळ त्याच्याकडं गेले. तिरकी झाले नाही, पाय अधांतरी ठेवला नाही.

डॉक्टरनं कागदावर खूण केली आणि म्हणाला, पास. तरी कुणी टाळी वाजवेना. सगळे कोंडीरामकडं बघत होते. त्यानं हात सोडले आणि आधी स्वतःच वाजवली. मग मात्र मी पोट भरून नाचले.

संध्याकाळी घरी निघताना कोंडीरामला पाऊल टाकवेना. पौर्णिमानं मला पाण्याच्या टाकीच्या ओट्याला लावलं आणि म्हणाली, "आबा, बस."

"ती नवरदेवाची हाय गं."

"मंग तू कोन व्हतास?"

त्यानं माझ्या मानेवर हात ठेवला. मग ओट्यावर चढला आणि खोगिरावर बसला. माझ्या पाठीवर इतके नवरदेव बसले, पण इतका हलका कुणीच लागला नाही. पौर्णिमानं लगाम धरला. आम्ही रस्त्यानं, गावातून, सगळ्यांच्या देखत वाडीत गेलो. वाटेत लोक उठून उभे राहत होते, जयभीम घालत होते. कोंडीराम एका हातानं उत्तर देत होता. दुसऱ्या हातानं त्यानं माझी आयाळ धरली होती, नवरदेव करवल्याला धरतात तशी. त्याला वेस लागली, चावडी लागली, चौक लागला. कुणी त्याला उतर म्हणालं नाही.

सोमवारी सदूचा टेंपो आला आणि रिकामा गेला. मी आता पौर्णिमासोबत संजनाताईंकडं असते, पाहुण्यांना धरणाच्या वाटा दाखवते. शर्यत पुरी केल्याचं माझं पदक वाडीतल्या घरात बाबासाहेबांच्या तसबिरीखाली टांगलंय. रविवारी कोंडीराम येतो, खरारा करतो आणि आता पुष्कळ बोलतो. जाताना बसूनच जातो.

तुम्ही कधी पळसदरीला आलात तर मला जरूर भेटा. डाळ-गूळ आणलात तर उत्तम. एकच विनंती आहे. कोंडीराम माझ्यावर बसून वाडीकडं निघाला असेल, तेव्हा टाळ्या वाजवू नका. मला नाच आवरणार नाही, आणि त्याला उतरायची घाई नाही.