खिळ्यावरचा जबडा

गाढवाचा खालचा जबडा. उकडून, वाळवून, दात खोबणीत सैल झालेले.

परातीत भिजलेले मोठे पांढरे वाल.

ओतिलियामामीचा फोटो. पुढे मेणबत्ती नाही. पळताना विझवायची राहते.

दार. त्याला कडीच नाही.

उंबरठ्यावरून आत आलेली काळी वायर.

पेरूतल्या एल कार्मेन गावातल्या या कच्च्या विटांच्या घरात नियम दोनच. भिंतीवरचा जबडा आपणहून खुळखुळला की बाहेर पडायचं, चपला शोधायच्या नाहीत. आणि जबडा खिळ्यावरून काढायचा नाही. एके काळी सातुर्नीनोमामा तो वाद्यासारखा वाजवत गावोगाव फिरायचा. मोठ्या भूकंपात मागची खोली मामीच्या अंगावर आली, तेव्हापासून जबडा खिळ्यावर आणि मामा त्याच्याखाली खुर्चीत.

म्हणून त्याची भाची डेल्मिराच लीमाहून स्पीकर घेऊन आली होती. जबड्याला हात न लावता तो वाजवायचा, हे तिच्या नव्या संगीतरचनेचं मर्म. स्पीकरमधून इतका खर्जाचा सूर सोडायचा की तो कानाला कळू नये, भिंतीला कळावा. दात थरथरतील, आणि ती काहोनवर, आपल्या लाकडी खोक्यावर बसून, त्याच्याच पोटावर आजोबांचा ठेका धरेल. लीमात हे सोपं वाटलं होतं. इथे दात पहिल्यांदा खुळखुळले तेव्हा तिचे पाय आपोआप दाराकडे वळले.

मामाही अर्धा उठला होता. मग वाल सोलत पुन्हा टेकला.

"मेलेल्या गाढवालाही कामाला जुंपलंस की गं!"

"घाबरलास ना, मामा?"

"मी? तूच पांढरी पडलीस. आपल्या काळ्या घराण्यात हे पहिल्यांदाच." तो हसला. "लीमात लोक हे खुर्चीत बसून ऐकतात?"

"उभ्याने."

"बरोबर आहे. पळायला सोपं."

दुपारभर तिने सूर सोडला, थांबवला, पुन्हा सोडला. दर वेळी ती दाराकडे बघून घ्यायची. मामाने मात्र मान वर करणंही सोडलं. हेच तिला जास्त भिववू लागलं. आता पुरे, म्हणून तिने बटण बंद केलं.

दात खुळखुळतच राहिले.

तिने वायर उपटली. दात थांबेनात. परातीतल्या पाण्यावर बारीक वळ्या उठल्या.

"मामा, बाहेर!"

"वाजव, वाजव. आता मी नाही फसत."

"बंद केलंय मी! खरंच बंद केलंय!"

"हेही त्या गाण्यातच असेल." त्याने आणखी एक वाल सोलला.

तिने त्याला बगलेत धरून ओढलं. मामा म्हणजे भरलेलं पोतं. जागचा हलेना, वर शिव्या. छपरातून माती गळू लागली. मग तिने या घरात कुणीच करू धजलं नसतं ते केलं. खिळ्यावरचा जबडा हिसकला आणि दारातून पळाली.

"ए सटवे! ठेव तो! माझा जबडा!"

गुडघेदुखीचा म्हातारा काठी उगारत तिच्या मागे धावत आला. अंगण, फाटक, रस्ता. काठी तिच्या पाठीत बसली तेव्हाच मागे काहीतरी धपकन बसलं आणि धुळीने दोघांना गिळलं.

धूळ खाली बसली. खिळ्याची भिंत खुर्चीवर पडली होती.

मामाने जबडा तिच्या हातातून ओढून घेतला, पोटाशी धरला. त्याचे हात कापत होते, म्हणून दात अजून वाजत होते. ती त्याच्या मनगटांवर आपले हात दाबून बसली, तरी ते वाजत राहिले.

मामी गेली त्या संध्याकाळी सातुर्नीनोमामा शेजारच्या गावात एका लग्नात जबडा वाजवत होता, आणि घरी भिंतीवर नुसता खिळा होता.