जास्तीचं मीठ

त्या उन्हाळ्यात हौदावरच्या मशीनचा लाल दिवा दुसऱ्यांदा लागला, तेव्हा ताईंनी नवऱ्याला न विचारता मेकॅनिकला फोन लावला. असं त्या घरात आजवर झालं नव्हतं. घरातल्या मशीनला हात लावायचा तो फोरमननीच, बाकीच्यांनी लांबून बघायचं, असा अलिखित कायदा होता.

फोरमन म्हणजे ताईंचे यजमान. बसडेपोच्या वर्कशॉपमधून निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली, तरी गल्ली त्यांना फोरमनच म्हणायची. घरामागचा पोहण्याचा हौद त्यांनी वर्कशॉपमधल्या दोस्तांना घेऊन सुट्ट्यासुट्ट्यांना खणला होता. मुलीला पोहायला शिकायचं होतं, एवढंच निमित्त. "फोरमन, हत्ती पाळताय की काय?" असं लोक कुंपणावरून विचारायचे. मुलगी पोहायला शिकली, मोठी झाली, लग्न करून दूर निघून गेली. हौद राहिला. रोज सकाळी फोरमन त्यात पोहायचे आणि ताई पायरीवर बसून पाय पाण्यात सोडायच्या. त्यांना पोहता येत नव्हतं. शिकायची इच्छाही नव्हती. पण ती वेळ त्यांची होती. नवरा या टोकाहून त्या टोकाला जायचा आणि प्रत्येक वळणाला एकेक वाक्य बोलायचा, असा त्यांचा संसार पाण्याच्या कडेने चालत आलेला.

मशीन नंतर आलं. आधी हौदात क्लोरीनची पावडर टाकावी लागायची. तिने डोळे चुरचुरायचे. मग फोरमननी पंपाशेजारच्या भिंतीवर हे मशीन बसवलं. पाण्यात मीठ विरघळवायचं, ते पाणी पंपाने एका जाड नळीतून फिरवायचं. नळीच्या पोटात धातूच्या पट्ट्या. त्यांतून वीज गेली की मिठातूनच क्लोरीन तयार होतं. घरी कोणीही आलं की फोरमन त्याला मागे घेऊन जायचे आणि सांगायचे, "गंमत बघा, मीठ संपत नाही. क्लोरीनचं काम झालं की पुन्हा मीठच. उडालं, सांडलं, फिल्टर धुताना वाहून गेलं, तेवढंच भरायचं." पाहुणा मान हलवायचा. ताई आतून ओरडायच्या, "अहो, सोडा त्यांना, चहा गार होतोय."

आता तेच फोरमन मशीनसमोर उभे राहून बटणांकडे नुसते बघत होते. एक दाबलं, दुसरं दाबलं, मग पहिलं पुन्हा. "मीठ कमी झालं असेल," म्हणाले आणि आत निघून गेले. हौदातलं पाणी गढुळलं होतं. कडेच्या फरश्यांवर हिरवी बुळबुळ धरायला लागली होती.

मेकॅनिक आला तो तरणा, बोलका, खिशात दोन मोबाइल. त्याने मेन स्विच बंद केला, नळी उघडली आणि पट्ट्या उजेडात धरल्या. पट्ट्यांवर पांढरा थर चढला होता, किटलीच्या तळाला चढतो तसा. त्याने त्या पातळ ॲसिडात बुडवून ठेवल्या. थर फसफसत सुटला. मग त्याने कोपरभर खोलीवरून बाटलीत पाणी घेतलं, आपल्या मीटरने मोजलं, आणि भुवया वर केल्या.

"काकू, मीठ कोण टाकतं?"

"हे टाकतात. का?"

"अजून थोडं टाका. समुद्रातले मासे सोडता येतील." तो हसला, मग ताईंचा चेहरा बघून सरळ मुद्द्यावर आला. "जास्त झालंय हो. मीठ जास्त झालं की वीज जास्त ओढली जाते, म्हणून मशीन स्वतःच बंद पडतं. बिघाड काही नाही. थोडं पाणी काढा, गोडं पाणी भरा, येईल ताळ्यावर."

ताईंनी तसं केलं. पाणी निवळलं, हिरवा दिवा लागला. काही आठवडे बरे गेले. मग पुन्हा लाल.

या वेळी मेकॅनिकने घाई केली नाही. मशीन सांगतंय तो आकडा खोटा असेल, म्हणून त्याने आधी तो तपासला. त्याच्या मीटरनेही तेच सांगितलं, उलट जास्तच. मग तो मिठाची पोती ठेवलेल्या खोपटात डोकावला. तिथे रिकामी पोती नीट घड्या घालून, एकावर एक रचून ठेवलेली होती. इस्त्रीचे कपडे ठेवावेत तशी.

"काकू," तो हळू आवाजात म्हणाला, "काकांचं सगळं ठीक आहे ना?"

ताईंना त्याचा राग आला. "अरे, तू जन्मला नव्हतास तेव्हापासून ते यंत्रं उघडताहेत."

"तसं नाही हो," तो म्हणाला. "माझे आजोबा होते ना, म्हणून विचारलं." आणि त्याने हत्यारं भरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभ्या राहिल्या. आपण आपल्याच नवऱ्यावर पाळत ठेवतोय, याची त्यांना लाज वाटत होती. फोरमन खोपटातून पोतं ओढत आले. चाकूने शिवण उसवली, हौदाच्या कडेकडेने चालत मीठ सारखं पसरलं, मग लांब दांड्याच्या ब्रशने तळ ढवळला. एकेक हालचाल जुनी, सरावाची, बघत राहावी अशी. शेवटी पोतं झटकलं, घडी घातली, आणि हात कमरेवर ठेवून पाण्याकडे बघितलं. काम उरकलेल्या माणसाचा चेहरा.

त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच. तसंच पोतं, तसाच चाकू, तेच समाधान.

ताई बाहेर आल्या. "अहो, काल टाकलं होतंत ना?"

"काल? काल कुठे?"

"मी बघितलं. खिडकीतून."

"तू बघितलंस!" फोरमन एकदम तडकले. एवढ्या वर्षांत त्यांचा आवाज बायकोवर असा चढला नव्हता. "मला शिकवतेस? हौद कोणी बांधला?" आणि लगेच, आवाज कुठे ठेवावा ते कळेना तसे, ते ब्रशकडे बघत राहिले. ओल्या हाताला मिठाचे खडे चिकटले होते. ते त्यांनी एकेक करून झटकले.

डॉक्टरांकडे जाणं झालं. डॉक्टर चांगले होते, सावकाश बोलले. जे सांगितलं ते ताईंना रिकाम्या पोत्यांची चळत बघितली तेव्हाच कळलं होतं.

त्या संध्याकाळी मुलीचा फोन आला. "आई, बाबा कसे आहेत? पोहतात ना?"

"पोहतात," ताई म्हणाल्या. "मशीन जरा कुरकुरत होतं. आता ठीक आहे."

फोन ठेवून त्या तशाच बसल्या. सांगायला हवं होतं, आणि उद्यापरवा सांगणारही होत्या. पण त्यांना वेगळंच कोडं पडलं होतं. आयुष्यात जे जे अंगावर आलं, ते आधी यांना सांगायचं आणि मग त्यावर विचार करायचा, अशी त्यांची सवय. भाऊ गेला तेव्हा, गाठ निघाली तेव्हा, मुलगी जाणार म्हणाली तेव्हा. आत्ताही जीभ तेच मागत होती: अहो, ऐकलंत का, आमच्या ह्यांचं असं झालंय. आणि हे तर समोरच्या खुर्चीत बसून टीव्हीवर हवामान बघत होते.

ताईंनी खोपटाला कुलूप लावलं. सकाळी फोरमन कडी हलवत उभे राहिले. रागावले नाहीत. एकदा कुलपाकडे, एकदा स्वतःच्या हाताकडे बघत राहिले, जणू चूक हाताची आहे. ताईंच्याने ते बघवेना. त्यांनी कुलूप काढलं आणि मेकॅनिकला बोलावून उरलेली पोतीच त्याच्या गाडीत चढवली. रिकाम्या खोपटात फोरमन रोज जायचे, इकडेतिकडे बघायचे आणि विचारायचे, "मीठ टाकलं का?"

"टाकलं," ताई म्हणायच्या.

"मग झालं तर." आणि ते जाळी घेऊन पानं काढायला लागायचे. ते काम त्यांना अजून जमत होतं.

मेकॅनिकने मशीन ताईंना शिकवलं. पाणी कमी फिरलं तर कोणता दिवा लागतो, जाळीत कचरा अडकला तर कुठून काढायचा, थंडीत पाणी गारठलं की मशीन क्लोरीन करायचं थांबतं, घाबरायचं नाही. ताई चष्मा लावून शिकल्या. हौद बुजवून टाक, असं मुलगी आता फोनवर म्हणायला लागली होती. तिला सगळं सांगून झालं होतं. ताई म्हणाल्या, "बघू." आणि पट्ट्या धुवायची वेळ आली तेव्हा त्यांनी मेकॅनिकला बोलावलं नाही.

ऊन कोवळं होतं. ताईंनी रबरी हातमोजे घातले, नवऱ्याचा जुना डगला चढवला, डोक्याला रुमाल बांधला आणि बादली घेऊन पंपाशी बसल्या. मागून फोरमन आले. बराच वेळ बघत उभे राहिले.

"मेन स्विच बंद केलात का तुम्ही?"

ताईंचा हात थांबला. तुम्ही. लग्नाआधी पहिल्यांदा भेटले होते त्या दिवशी ते म्हणाले होते तेवढंच. त्यानंतर कधी नाही.

"केलाय," त्या म्हणाल्या. वर बघायचा धीर झाला नाही.

"छान. आणि आधी पाणी, मग त्यात ॲसिड. उलट कधी करू नका, उसळी मारतं." फोरमन शेजारी उकिडवे बसले. आवाजात पाहुण्याशी बोलायचा जुना उत्साह होता. "पट्ट्या खरवडू नका हं, बाई. वरचा लेप निघाला की गेलं सगळं. नवीन लागलात वाटतं कामाला?"

"हो. नवीनच आहे."

"हात चांगला आहे तुमचा. शिकाल." थर सुटून पाण्यात पांढरे बुडबुडे उठत होते. फोरमन थोडं पुढे झुकले आणि गुपित सांगावं तसे म्हणाले, "एक करा. मशीन बिघडलं होतं हे आमच्या घरात बोलू नका. बायको काळजी करते. मला विसरायला होतं हल्ली, ते तिच्या लक्षात आलेलं नाही अजून."

ताईंनी पट्ट्या बाहेर काढल्या, नळाखाली धरल्या. पाणी बराच वेळ वाहू दिलं.

"नाही बोलणार," त्या म्हणाल्या.

"तिला पोहता येत नाही. पण रोज येऊन बसते इथे." फोरमन पायरीकडे बघत म्हणाले. "कंटाळत नाही कधी."

ताईंनी नळी जागेवर बसवली, आटे घट्ट केले, स्विच लावला. पंप घरघरला, नळीतली हवा बुडबुडत निघून गेली, पाणी पळायला लागलं. थोड्या वेळाने हिरवा दिवा लागला.

"वा!" फोरमननी टाळी वाजवली आणि गुडघ्यावर हात टेकत उठले. "चला, चहा घेतल्याशिवाय जायचं नाही. बायको असेलच आत."

ते पुढे, ताई मागे. दारात पोहोचल्यावर फोरमननी पायपुसण्यावर पाय पुसले आणि आत हाक मारली, "अगं, ऐकलंस का? दोन कप टाक गं."

आतून कोणी ओ दिली नाही. ते वाट बघत उंबऱ्यात उभे राहिले. ताईंनी हातमोजे काढले, त्यांच्या बाजूने वाट काढत आत गेल्या, आणि गॅसवर आधण ठेवलं.