तांबडं फुटायच्या आधी

बिरोबाच्या जत्रंत गुंडा धनगर दरसाल भाकनूक सांगायचा. औंदाचा पाऊस कसा, थंडी कशी, रोगराई कुटं, समदं. लढाई सपली त्या साली त्यो तलवार पोटाला लावून नाचता नाचता थांबला आन म्हनला, "डोंगर ऊबंल, खोरं गारठंल. हिव तांबड्यात चावंल."

एवढंच. मग भंडारा उधळला, ढोल वाजलं, लोक घरी गेले.

कुंडलच्या अलीकडं आमचं गाव. तिन्ही बाजूनं डोंगर. आमचा पानमळा पार तळाला, खोलगट जागंत. चुलता तात्याबा, त्येचं हरबऱ्याचं रान वर, डोंगराच्या पायथ्याला. माती तांबडी. हीर मातूर दोघांत एक.

आमी ऐकलं ते असं, तांबडं म्हंजी पहाट. पहाटंचं हिव पडनार आन आमच्या वेली जळनार. तात्याबानं ऐकलं, तांबडं म्हंजी तांबडं रान. त्येचा हरबरा जानार. गुंडाला फिरून इचारायला कोनच गेलं न्हाई. देवाचं बोलनं दुसऱ्यांदा इचारायचं नसतं आमच्यात.

माजा थोरला भाऊ केरबा त्याच साली पलटनीतनं आला. इटलीच्या डोंगरात बर्फानं त्येच्या डाव्या पायाची बोटं गेली व्हती. मळा त्येनंच लावल्याला, लढाईला जायच्या आधी. वेली चढवायच्या शेवऱ्या त्येच्या हातच्या, वेली त्येच्या हातच्या. आला त्या दिशी घराकडं न येता आदी मळ्यात गेला. आय लय रुसली. म्हनली, तुजं लगीन न्हाई केलं ते बरं झालं, बायकूनं रोज वेलींच्या नावानं बोटं मोडली असती. केरबा हसला न्हाई. पान उलटंपालटं करून बघत बसला.

हिवावर इलाज एकच. हिरीचं पानी थंडीत कोमट असतंय. पहाटंला मुळाशी पानी खेळतं ठेवलं की पान वाचतंय.

आन मोटंची पाळी अशी, एक दिस आमचा, एक दिस त्यांचा. घड्याळ कुनाकडं हाय? तांबडं फुटलं की पाळी बदलायची. आज्याच्या काळापासनं हेच. कवा भांडान न्हाई, कारन त्या वक्ताला कुनाला एवढी घाईच नसायची.

पौषात उत्तरंचा वारा सुटला आन एका दिशी अचानक पडला. आभाळ साफ. वारा पडल्यावर केरबा अंगनात हुबा राहून म्हनला, आज चावनार.

पहाटंला त्यो मोट हाकत व्हता आन मी खाली मळ्यात दारं धरत व्हतो. पाटातनं वाफा निघत व्हत्या. निम्मा मळा भिजला आसंल, तवा वर बोलनं ऐकू आलं. मी फावडं घेऊनच वर गेलो.

तात्याबाचा पोरगा ज्योतिबा आला व्हता. माज्याच वयाचा. एका ताटात जेवल्यालो आमी. त्येची बैलं मागं हुबी.

"दादा, सोड बैलं. तांबडं फुटलं," ज्योतिबा म्हनला.

"कुटं फुटलं? डोळं फुटलं तुजं."

"लढाईत बोटं गेली म्हनत व्हतास, डोळंबी गेलं का? वर चल, दावतो."

त्यो वरनं आला व्हता. वरच्या रानातनं उगवत दिसती. आमच्या म्होरं डोंगर आडवा, आमाला अंधारच. दोघंबी खरं बोलत व्हते, पर ते मला आता कळतंय. तवा मला ज्योतिबा लबाडच वाटला.

केरबा म्हनला, उरलेलं वाफं हू देत. ज्योतिबा म्हनला, तुजं वाफं हुस्तवर आमचा हरबरा जळंल. केरबानं बैलांवर चाबूक वढला. भरलेली मोट वर याय लागली, बैलं धावंवरनं खाली जोरात निघाली, मोटंचा जाड दोर, नाडा, तानलेला.

ज्योतिबानं कमरंचा इळा काढला आन नाडा तोडला.

बैलं तोंडावर पडली. आमच्या सर्ज्या बैलाचा म्होरला पाय मोडला, हाड कातडं फाडून भाईर आलं. मोट धाडदिशी हिरीत गेली. सर्ज्या वरडला तसा मानूसबी वरडत न्हाई.

केरबानं जुवातली लाकडी शिवळ उपसली. पैला दनका कानावर. दुसरा तोंडावर, दात पडल्याचा आवाज आला. ज्योतिबानं इळा फिरवला, केरबाची मांडी फाटली, धोतर काळं झालं. मी मधी पडलो. केरबानं कोपर मारून माजं नाक फोडलं. मी गुडघ्यावर आलो, उठस्तवर ज्योतिबा दगडावर उताना पडला व्हता आन केरबा त्येच्या छातीवर बसून मारत व्हता. डोक्यात. परत डोक्यात.

मी म्हनलं, "दादा, मेलाय त्यो."

त्यो थांबला. माज्याकडं बघितलं आन म्हनला, "मळ्याला पानी बघ."

नाडा तुटलाय, म्हनलं. त्यो लंगडत उठला, नाड्याचं तुकडं हातात घेतलं, गाठ माराय लागला. रगातानं गाठ निसटत व्हती. परत मारायचा, परत निसटायची. तात्याबा आन गावातली मानसं आली तवाबी त्यो गाठच मारत व्हता. फौजदारानं न्हेला तवा त्येला मळा बघायला मिळाला न्हाई. मी बघितला. सकाळच्याला पानं नुसती मलूल दिसली. दुपारी ऊन तापलं आन समदी करपून काळी पडली, भिजलेलीबी.

ज्योतिबाचं सावडायचं झालं आन तात्याबा कुऱ्हाड घेऊन मळ्यात आला. मी काठी उचलली. आयनं माजा हात धरला. म्हनली, वाटंत जाऊ नगंस.

त्येनं कडंच्या शेवऱ्या तोडल्या. आत शिरला तसा हात थांबला. एक वेल वढून बघितली. हातात चुरा झाला.

"हे कवा जळालं?" त्येनं इचारलं.

"त्याच दिशी, भावजी," आय म्हनली.

वर त्येच्या रानात हरबरा हिरवागार व्हता, घाटं धरलेलं. तिकडं हिव फिरकलंच न्हाई. त्येनं वळून तिकडं बघितलं.

मग कुऱ्हाड उचलली आन परत तोडाय लागला. एक शेवरी, दुसरी शेवरी. दम लागला की बांधावर बसायचा. आयनं मला तांब्या दिला. मी पानी न्हेऊन त्येच्या म्होरं ठेवलं आन मागं सरलो. त्येनं पानी पिलं, तोंड पुसलं आन उरलेला मळा आडवा केला.