आखाजीचा दगड

पांझरेच्या आमच्या काठावरच्या बायका शिव्या द्यायला लागल्या की म्हशीसुद्धा पाण्यातून उठून जातात, असं पलीकडच्या गावात म्हणतात. पलीकडच्यांच्या तोंडाबद्दल आम्ही काय म्हणतो ते इथे लिहिण्यासारखं नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गौराई बोळवायला दोन्ही गावांच्या लेकीसुना नदीवर उतरतात, एकमेकींच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात आणि ढेकळं-दगड फेकतात. त्याचा राग कुणी धरत नाही. डोकं फुटलं तर हळद भरायची. नियम एकच, पलीकडची बाई मधली धार ओलांडून अलीकडे येता कामा नये. आली, तर वर्षभर आपल्या गावाने मान खाली घालायची.

त्रेचाळीस सालच्या आखाजीला झुंबर लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आली. तिचा भाऊ हिलाल बेचाळीसच्या ऑगस्टपासून फरार होता. दोंडाईच्याकडे त्याने तारा कापल्या होत्या, आणि दिसेल तिथे गोळी घाला असा सरकारचा हुकूम असल्याचं लोक बोलत होते. तरी तो पहाटे घरी आला. बहिणीच्या पहिल्या आखाजीला झोक्याचा दोर भावाने बांधायचा असतो ना! जिवावर उदार होऊन रीत पाळणारा माणूस शहाणा की मूर्ख, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्याची आई भिकुबाई हात जोडून म्हणाली, "झोकानं काय पडनं? तू आते जाय रे बाप."

"झुंबरले झोका दिसू, मंग निघी जासू," हिलाल हसत म्हणाला.

मागच्या अंगणातल्या निंबाला त्याने दोर बांधला, झुंबरला चार झोके दिले आणि जायला निघाला. तेव्हा झुंबरनेच त्याला अडवलं. सांजोऱ्या अजून कढईत होत्या. "मी नदीवरथून येस, मंग जाजो," ती म्हणाली. भाऊ उपाशी जाऊ नये, एवढंच तिच्या मनात होतं. हिलाल मागच्या खोलीत आडवा झाला.

नदीवर ढोल घुमत होता. पलीकडच्या बायका त्या दिवशी लवकर आल्या, आणि धावत आल्या. त्यांच्या डोक्यावर गौराई नव्हती. गौराई घरी ठेवून आखाजीला नदीवर कोण येतं? पण भांडणाच्या भरात ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. सगळ्यांच्या पुढे वच्छलाबाई होती. तिच्या शिव्या आमच्या गावातल्या पुरुषांनाही पाठ होत्या. ती दोन्ही हात हलवत पाण्यात शिरली.

"उनी व, उनी!" पलीकडची आली म्हणून आमच्या बायका ओरडल्या. ढेकळं सुटली, शिव्या सुटल्या, आणि त्या गदारोळात वच्छलाबाईचा शब्द काही कुणाच्या कानापर्यंत पोचला नाही. ती धारेपाशी आली तरी थांबेना. झुंबरचा नेम लहानपणापासून पक्का. तिने दगड उचलला. तो वच्छलाबाईच्या भुवईवर बसला. रक्त डोळ्यात उतरलं तरी ती बाई हात हलवत पुढेच येत होती. झुंबरने दुसरा दगड मारला, तेव्हा ती पाण्यात मटकन खाली बसली.

आमच्या काठावर नुसता जल्लोष झाला. बायकांनी झुंबरला खांद्यावर घेतलं. तेवढ्यात गावाकडून बंदुकीचा आवाज आला आणि ढोल थांबला.

पोलिसांच्या लॉऱ्या पलीकडच्या गावातून आल्या होत्या. हिलालच्या गावाचा उतार कुठे, असं त्यांनी तिथे विचारलं आणि खालच्या अंगाने नदी ओलांडली. त्यांनी गावात दारं फोडली, दाण्याच्या कणग्या उपड्या केल्या, म्हाताऱ्यांनासुद्धा चावडीपुढे झोडपलं. हिलाल मागच्या दाराने पळाला होता. पण वैशाखातलं शेत उघडं, लपायला काडी नाही. तो बांधावरच पडला. झुंबर घरी पोचली तेव्हा सांजोऱ्या फडक्यात बांधलेल्या होत्या.

वच्छलाबाई काय ओरडत होती, ते पलीकडच्या लोकांनी संध्याकाळी येऊन सांगितलं. झुंबरने ते ऐकलं आणि भिंतीवर कपाळ आपटून घेतलं. भिकुबाई लेकीला कधी एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं मला वाटतं.

पुढच्या आखाजीला दोन्ही काठांवर गौराया आल्या, पण ढोल नव्हता आणि शिवीही नव्हती. झुंबर एकटी पाण्यात उतरली आणि मधल्या धारेपाशी थांबली. समोरून वच्छलाबाई आली. तिच्या भुवईवर वण होता. झुंबरने एक दगड तिच्या हातात दिला.

"मार, अक्का."

वच्छलाबाईने दगड पाण्यात सोडला. "येडी! तुन्हा जागावर मी ऱ्हाती ते मीबी मारती," ती म्हणाली. मग तिने मोठ्याने एक सणसणीत शिवी हासडली. तिचे डोळे वाहत होते. "दे ना व," ती म्हणाली, "आते तू दे."

झुंबरने तोंड उघडलं. पण ती वच्छलाबाईकडे बघतच नव्हती. गावाकडे तोंड करून, दोन्ही हात हलवत, ती जिवाच्या आकांताने ओरडली,

"हिलाल, पय रे भाऊ! पोलीस उनात!"

ढोल वाजत नव्हता, म्हणून ते पार आमच्या घरांपर्यंत ऐकू आलं.